डाव्या काठाचं गॅसबिल

ओडेसाहून मोल्दोव्हाच्या राजधानीला, किशिनाऊला जायचा सरळ रस्ता सुमारे १८० किलोमीटरचा. कुचुर्गानच्या नाक्यावर युक्रेन सोडायचं, तिरास्पोल आणि बेंडेर ही दोन शहरं ओलांडायची, की पुढे किशिनाऊ. २०२२च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ओडेसातून जीव मुठीत धरून निघालेल्या हजारोंनी मात्र हा रस्ता धरला नाही. त्यांत डॉक्टर व्हायला तिकडे गेलेली आपल्याकडची मुलंही होती. बसगाड्या दक्षिणेकडे वळल्या आणि पालांका नावाच्या एका लहानशा गावाच्या नाक्यावर रांगेत उभ्या राहिल्या. सरळ रस्त्यावर मध्येच एक सरहद्द लागते. तिच्यावर झेंडा आहे, शिक्का आहे, गणवेशातले शिपाई आहेत. फक्त त्यामागचा देश संयुक्त राष्ट्रांच्या एकाही सदस्याने मान्य केलेला नाही.

या पट्ट्याला आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत ट्रान्सनिस्त्रिया म्हणतात. तिथलं राज्य स्वतःला प्रिद्नेस्त्रोव्ये म्हणवतं, त्याची राजधानी तिरास्पोल. मोल्दोव्हातली माणसं साधं ‘डावा काठ’ म्हणतात. द्नीस्तर नदी वाहते त्या दिशेला तोंड करून उभं राहिलं की डाव्या हाताला येतो तो. क्षेत्रफळ सुमारे ४,१०० चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याहून जरासं मोठं. २०१५च्या गणनेत तिथे पावणेपाच लाख माणसं होती, नंतर ती घटतच गेली.

ऐलतीर एकाचा, पैलतीर दुसऱ्याचा, इतकी सरळ वाटणी मात्र तिथे नाही. बेंडेर हे शहर उजव्या काठावर असून तिरास्पोलच्या ताब्यात आहे. उलट डाव्या काठावरची कोचिएरी, मोलोवाता नोउआ, कोश्नित्सा, पिरीता, दोरोत्सकाया ही गावं किशिनाऊच्या. मोलोवाता नोउआच्या माणसाला आपल्याच देशाच्या उरलेल्या भागात जायचं तर नदी फेरीबोटीने पार करावी लागते. बर्फ धरला किंवा पाणी चढलं की फेरी बंद, मग तिरास्पोलच्या चौक्यांमधून वळसा. दोरोत्सकायाच्या शेतकऱ्यांचं दुखणं आणखी वेगळं. त्यांचं गाव मोल्दोव्हाच्या ताब्यात, पण शिवार दुबासारी-तिरास्पोल रस्त्याच्या पलीकडे, आणि तो रस्ता तिरास्पोलचा. स्वतःच्या मालकीच्या जमिनीत नांगर घालायला दुसऱ्याची नोंदणी, दुसऱ्याची परवानगी. कित्येक हंगाम असेच बुडाले. २०१७च्या नोव्हेंबरात करार झाला, तेव्हा कुठे ट्रॅक्टर पलीकडे जाऊ लागले.

ही गाठ बसली कशी, ते थोडक्यात. १९२४मध्ये मॉस्कोने सोव्हिएत युक्रेनच्या आत डाव्या काठावर एक छोटं मोल्दाव्हियन स्वायत्त प्रजासत्ताक काढलं. १९४०मध्ये रोमानियाकडून उजव्या काठावरचा बेसाराबिया हा प्रदेश घेतला आणि त्याला या पट्टीचा एक भाग जोडून मोल्दाव्हियाचं सोव्हिएत प्रजासत्ताक बनवलं. उजवा काठ शेतीचा राहिला, कारखाने आणि वीजकेंद्र डावीकडे उभे राहिले, त्यांच्याबरोबर रशियन आणि युक्रेनी कामगार आले. ३१ ऑगस्ट १९८९ला किशिनाऊच्या विधिमंडळाने मोल्दोव्हन ही राज्यभाषा केली आणि ती सिरिलिक सोडून रोमन लिपीत लिहायचं ठरवलं. भाषेच्या नुसत्या लिपीवरून माणसं किती दुखावतात हे कोकणीचा वाद पाहिलेल्या वाचकाला समजावून सांगायला नको. २ सप्टेंबर १९९०ला तिरास्पोलने वेगळं होत असल्याचं जाहीर केलं. मोल्दोव्हा स्वतः स्वतंत्र झाला तो २७ ऑगस्ट १९९१ला, म्हणजे फुटून निघणारा तुकडा मूळ देशाच्या स्वातंत्र्याआधीच फुटला होता. तिरास्पोलचे वकील हा क्रम आजही आवर्जून पुढे करतात.

१९९२च्या मार्चमध्ये लढाई पेटली. जूनमध्ये बेंडेरच्या रस्त्यांवर सर्वांत जास्त रक्त सांडलं. तिरास्पोलमध्ये तळ असलेली सोव्हिएत चौदावी फौज आता रशियाची झाली होती. तिची शस्त्रं फुटीरांच्या हाती गेली आणि जनरल लेबेद यांच्या हाताखाली तिच्या तोफाही बोलल्या. दोन्ही बाजूंचे मिळून हजाराच्या आसपास लोक मेले. २१ जुलै १९९२ला मॉस्कोत रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन आणि मोल्दोव्हाचे अध्यक्ष स्नेगुर यांनी शस्त्रसंधीवर सह्या केल्या. सही करणारे दोन देश कोणते, ते नीट पाहावं. लढाई किशिनाऊ आणि तिरास्पोलमधली म्हणायची, पण तह झाला मोल्दोव्हा आणि रशियामध्ये. पुढची तीन दशकं रशिया स्वतःला मध्यस्थ म्हणवत आला आहे. त्या सहीपुढे तो शब्द मला कधीच पटलेला नाही.

तहाने नदीच्या दोन्ही अंगांना सुमारे २२५ किलोमीटर लांब आणि १२ ते २० किलोमीटर रुंद असा सुरक्षा पट्टा आखला. त्यात शांतिसेना कोणाची? रशियाची, मोल्दोव्हाची आणि तिरास्पोलची. जे लढले त्यांचेच शिपाई एकाच चौकीवर शेजारी-शेजारी उभे केले. प्रत्येकाचे साधारण चारशे ते पाचशे, शिवाय युक्रेनचे मोजके निरीक्षक. त्यांच्यावर संयुक्त नियंत्रण आयोग. आयोगाचा प्रत्येक निर्णय एकमताने व्हायचा, त्यामुळे कोणीही एक बाजू कामकाजाच्या विषयपत्रिकेलाच हरकत घेऊन आठवडेच्या आठवडे बैठक अडवू शकते, आणि तशी ती अडते. कोणी पट्ट्यात नवी चौकी टाकली, तरी तक्रार ऐकायला आधी ती विषयपत्रिकेवर यायला हवी.

ही व्यवस्था गोळीबार थांबवायला पुरेशी होती, हे मान्य करायलाच हवं. १९९२नंतर तिथे युद्ध झालेलं नाही. पण १ जानेवारी २०१२च्या सकाळी वादुल लुइ वोदा इथल्या पुलाच्या चौकीवर रशियन शिपायाने मोटारीतून जाणाऱ्या १८ वर्षांच्या एका मोल्दोव्हन मुलाला गोळी घातली. मोल्दोव्हाच्या हद्दीत मोल्दोव्हाचा नागरिक मेला आणि मारणाऱ्यावर मोल्दोव्हात खटला चालू शकला नाही, तो शिपाई रशियाला गेला. २०१५मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने या मृत्यूसाठी रशियाला जबाबदार धरलं. सार्वभौमत्व म्हणजे काय, हा प्रश्न परीक्षेत येतो तेव्हा मुलं व्याख्या पाठ करतात. त्या पुलावर त्याचा अर्थ एवढाच होता, की पंचनामा कोण करणार आणि आरोपीला बेड्या कोण घालणार.

रशियाची फौज तिथे दोन नावांनी राहते. एक शांतिसेना, जिला १९९२च्या तहाचा आधार आहे. दुसरी ‘कार्यकारी गट’ नावाची, चौदाव्या फौजेची वारसदार. तिला कसलाच आधार नाही. मोल्दोव्हाच्या १९९४च्या राज्यघटनेचं अकरावं कलम देशाला तटस्थ ठरवतं आणि परकी सैन्य ठेवायला मनाई करतं. त्याच वर्षी ऑक्टोबरात तीन वर्षांत फौज काढून घ्यायचा करार झाला, पण रशियाच्या संसदेने, द्यूमाने, त्याला कधी मान्यता दिली नाही. १९९९मध्ये इस्तंबूलच्या शिखर परिषदेत रशियाने २००२च्या अखेरीपर्यंत निघण्याचा शब्द दिला. २२ जून २०१८ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने फौज विनाअट काढा, असा ठराव केला. ६४ बाजूने, १५ विरुद्ध, ८३ तटस्थ. ही तटस्थांची संख्या मला सर्वांत बोलकी वाटते.

दोन्ही मिळून हे सैनिक आज दीड हजाराच्या आसपास. रणगाड्यांच्या भाषेत ही नगण्य फौज आहे. शिवाय २०१५मध्ये युक्रेनने आपल्या भूमीतून जाण्याची वाट बंद केली, तेव्हापासून रशियातून नवे सैनिक आणायचे तर किशिनाऊचा विमानतळ हाच मार्ग, आणि मोल्दोव्हा तिथून परत पाठवतो. म्हणून भरती स्थानिकांची होते. तिरास्पोलमध्ये जन्मलेला, तिथल्याच शाळेत शिकलेला, रशियन पासपोर्ट काढलेला मुलगा रशियाचा सैनिक बनतो आणि संध्याकाळी आईच्या हातचं जेवायला घरी जातो. परकी फौज काढा, ही मागणी न्याय्यच आहे. पण ज्याला काढायचं तो राहतो शेजारच्या गल्लीत. अधिकारी परत पाठवता येतील, बाकीच्यांचं काय, याचं उत्तर कोणत्याही ठरावात लिहिलेलं नाही.

त्या फौजेकडे राखायला एक कोठार आहे. उत्तरेला, युक्रेनच्या सीमेपासून दोनेक किलोमीटरवर कोबास्ना गावाजवळ सोव्हिएत सैन्याचा दारूगोळा साठवलेला आहे. पूर्व युरोपातून माघारी आलेला मालही तिथेच उतरला. एके काळी चाळीस हजार टनांहून जास्त होता. इस्तंबूलच्या शब्दानंतर काही शस्त्रं जागेवर मोडली, काही आगगाड्या भरून रशियाला गेल्या. गाड्या निघू लागल्या तशा तिरास्पोलने त्या अडवल्या, कारण ते कोठार म्हणजे त्यांच्या हातातलं वजन. २००३च्या नोव्हेंबरात मॉस्कोने आणलेल्या संघराज्याच्या मसुद्यावर सही करायला मोल्दोव्हाचे अध्यक्ष वोरोनिन यांनी ऐन वेळी नकार दिला, आणि २००४नंतर एकही गाडी हलली नाही. सुमारे वीस हजार टन आजही पडून आहे.

हे काढायचं म्हटलं तरी किती अवघड आहे, ते समजून घ्यायला हवं. आधी बाहेरच्या तज्ज्ञांना आत सोडून प्रत्येक पेटीची मोजणी. मग दोन भाग: जे हलवता येतं ते आणि मुदत संपल्यामुळे जे हलवूच नये ते. जुन्या दारूगोळ्यात फ्यूज गंजतात, गोळा फेकणाऱ्या दारूला स्थिर ठेवणारं रसायन संपत जातं आणि ती आतल्या आत तापू शकते. असा माल आगगाडीच्या धक्क्यात घालायचा नसतो, जवळच खड्डे खणून थोडा-थोडा नष्ट करायचा असतो. हलवण्याजोगा उरेल तो नेणार कुठून? कोबास्नाहून रशियाची वाट युक्रेनमधून जाते. ती वाट आता रशियाला कोण देईल?

इतकं सांगूनही माझं मत असं, की डावा काठ तीस वर्षं वेगळा राहिला तो या दीड हजार शिपायांमुळे कमी आणि गॅसच्या नळामुळे जास्त.

व्यवहार असा होता. रशियाची सरकारी गॅस कंपनी गाझप्रोम, तिचा करार मोल्दोव्हागाझ या एकाच कंपनीशी. मोल्दोव्हागाझचे निम्मे शेअर गाझप्रोमचे, सुमारे ३५ टक्के मोल्दोव्हा सरकारचे, १३ टक्क्यांच्या आसपास तिरास्पोलच्या नावाचे. गॅस डाव्या काठाला पोचला की तिथली वितरण कंपनी तो घरांना, पोलाद कारखान्याला आणि वीजकेंद्राला उजव्या काठाच्या तुलनेत मातीमोल दराने विकायची. गिऱ्हाईक बिल भरायचं. ते पैसे मोल्दोव्हागाझकडे जायचेच नाहीत. ते तिरास्पोलच्या एका खास खात्यात जमा व्हायचे आणि तिथून पेन्शनी, पगार, रस्ते भागायचे. गाझप्रोमच्या वहीत मात्र तेवढीच उधारी मोल्दोव्हागाझच्या नावावर चढायची. डाव्या काठाची ही उधारी आज दहा अब्ज डॉलरच्या घरात सांगितली जाते. ती कोणी फेडणार नाही, हे उधार देणाऱ्यालाही पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

यातला सर्वांत वेदनादायक भाग विजेचा. दक्षिण टोकाला द्नेस्त्रोव्स्क इथे १९६४चं औष्णिक वीजकेंद्र आहे. स्थापित क्षमता २,५२० मेगावॉट, २००५पासून मालकी रशियाच्या इंटर राओ कंपनीची. हे केंद्र न फेडायच्या गॅसवर वीज करायचं आणि उजव्या काठाला स्वस्तात विकायचं. मोल्दोव्हाची बहुतांश वीज वर्षानुवर्षं तिथूनच आली. म्हणजे किशिनाऊतल्या माणसाने दिवा लावला की त्याच्या बिलातले पैसे तिरास्पोलच्या तिजोरीत पडायचे. देश आपल्याच फुटीचा खर्च दर महिन्याला भरत होता, आणि नाही म्हणायची सोय नव्हती. रोमानियाच्या इसाकचाहून येणारी ४०० किलोव्होल्टची वाहिनी वुल्कानेश्तमार्गे याच केंद्राच्या स्विचयार्डात शिरते आणि तिथून ३३० किलोव्होल्टच्या वाहिन्या किशिनाऊकडे निघतात. म्हणजे वीज रोमानियाकडून विकत घेतली तरी तारा डाव्या काठावरूनच. २३ नोव्हेंबर २०२२ला युक्रेनच्या ग्रिडवर क्षेपणास्त्रं पडली आणि त्या ग्रिडला जोडलेल्या मोल्दोव्हाच्या मोठ्या भागात अंधार झाला. ही वाट टाळणारी वुल्कानेश्त-किशिनाऊ वाहिनी, लांबी दीडशे किलोमीटरहून अधिक, बांधायला घेतली ती स्वातंत्र्यानंतर तीन दशकांनी. इतका उशीर झाला त्याचा दोष मी किशिनाऊच्या सरकारांनाच देईन. स्वस्त विजेची सवय सगळ्यांना गोड लागली होती.

३१ डिसेंबर २०२४ला युक्रेनमधून रशियन गॅस नेण्याचा करार संपला. गाझप्रोमला तुर्कस्तान-बल्गेरिया-रोमानिया या दुसऱ्या नळाने गॅस पाठवता आला असता. त्याने मोल्दोव्हाकडे ७०.९ कोटी डॉलर थकल्याचं कारण दाखवून १ जानेवारीपासून पुरवठा थांबवला. मोल्दोव्हाने करून घेतलेल्या आंतरराष्ट्रीय लेखापरीक्षणात हीच थकबाकी ८६ लाख डॉलर निघाली होती. उजव्या काठाला याची फार झळ बसली नाही, कारण २०२२च्या डिसेंबरपासून तो युरोपीय बाजारातून गॅस घेत होता आणि गाझप्रोमचा रोजचा ५७ लाख घनमीटर गॅस सगळाच्या सगळा डावीकडे जात होता. गारठला तो डावा काठच.

त्या सकाळी इमारतींचे रेडिएटर थंड पडले. गरम पाणी गेलं. पोलाद कारखाना थांबला, अन्नपदार्थांचे तेवढे चालू ठेवले. शाळा ऑनलाइन झाल्या. वीजकेंद्र साठ्यातल्या दगडी कोळशावर आलं, पण कोळशावर त्याची ताकद अपुरी. लोकांनी घरोघरी विजेचे हीटर लावताच भार झेपेना. भारनियमन आधी तासाभराचं होतं, ते दिवसाला आठ तासांपर्यंत गेलं. नळांत उरलेला गॅस स्वयंपाकापुरता जपायचा होता. यात एक तांत्रिक मेख असते. नळातला दाब ठरावीक पातळीखाली गेला की हवा आत शिरण्याचा धोका, आणि मग आख्खा विभाग बंद करावा लागतो. पुन्हा सुरू करताना नुसता मुख्य व्हॉल्व उघडून भागत नाही. प्रत्येक घरातली शेगडी बंद असल्याची खात्री, नळातली हवा बाहेर काढणं, गळतीची तपासणी, हे दारोदार जाऊन करावं लागतं. म्हणून तिथले अभियंते एकेका इमारतीचा पुरवठा तोडत गेले, उरलेल्यांचा दाब टिकावा म्हणून.

महिन्याभराने पहिली मदत आली ती युरोपीय संघाच्या पैशाने, मोल्दोव्हाच्या हातून. पुढे आणखी सहा कोटी युरो देऊ केले होते. अटींत गॅसचे दर हळूहळू वाढवायचे हेही होतं. तिरास्पोलने नको म्हटलं. त्याऐवजी हंगेरीतल्या एका व्यापारी कंपनीकडून, रशियाच्या कर्जाच्या पैशाने गॅस आला. दर वाढवणं म्हणजे उधारीवरचं राज्य संपवणं, हे नाकारणाऱ्यांना चांगलं कळत होतं.

एरवी डाव्या काठाची रोजची कामं दुसऱ्यांच्या सार्वभौमत्वावरच चालतात. तिरास्पोलचा स्वतःचा रूबल आहे, २०१४पासून त्याची नाणी प्लॅस्टिकसारख्या मिश्र पदार्थाची: एकचं गोल, तीनचं चौकोनी, पाचचं पंचकोनी, दहाचं षटकोनी. हातात घेतली की खेळातली वाटतात आणि पूल ओलांडला की त्यांना किंमत राहत नाही. टपाल तिकिटं आहेत, पण परदेशी पत्राला मोल्दोव्हाचं तिकीट लागतं. फोनचा संकेतांक मोल्दोव्हाचाच, ३७३. मोटारीला तिरास्पोलची पाटी लावून युरोपात जाता येत नाही, म्हणून २०१८च्या सप्टेंबरपासून तिरास्पोल आणि रिब्नित्सात मोल्दोव्हाचा झेंडा नसलेल्या ‘तटस्थ’ पाट्या देणारी केंद्रं उघडली. तिथल्या विद्यापीठाच्या पदवीलाही अशीच युक्ती: मोल्दोव्हा तिला प्रमाणित करून देतो, देशाचं नाव कोणीच काढत नाही. शेरीफ तिरास्पोल हा फुटबॉल क्लब मोल्दोव्हाच्या लीगमध्ये खेळतो. २८ सप्टेंबर २०२१ला त्याने माद्रिदमध्ये जाऊन रेआल माद्रिदला २-१ने हरवलं, आणि स्पर्धेच्या फलकावर देश लिहिला होता मोल्दोव्हा.

मला या रटाळ कागदांबद्दल मनापासून आदर आहे. २००६पासून डाव्या काठावरच्या कारखान्याला निर्यात करायची तर किशिनाऊत नोंदणी लागते. युरोपीय संघाशी झालेला मुक्त व्यापार करार २०१६पासून तिथेही लागू झाला, आणि आज त्यांचा निम्म्याहून कितीतरी जास्त निर्यात माल युरोपकडेच जातो. २०२२मध्ये युक्रेनने आपली बाजू पूर्ण बंद केल्यावर तर प्रत्येक ट्रक मोल्दोव्हाच्या जकातीतूनच जातो. १ जानेवारी २०२४पासून किशिनाऊने त्यांना आयात शुल्कही लावलं. २८ फेब्रुवारीला तिरास्पोलच्या लोकप्रतिनिधींनी परिषद भरवून रशियाकडे संरक्षण मागितलं. रशियाने सहानुभूती दाखवली. मान्यता मात्र रशियानेही आजवर दिलेली नाही. ती दिली आहे अबखाझिया आणि दक्षिण ओसेतियाने, ज्यांना स्वतःलाच मोजके देश मानतात.

डाव्या काठावरच्या तीन लाखांहून अधिक लोकांकडे मोल्दोव्हाचा पासपोर्ट आहे. युरोपात व्हिसाविना जायला तोच उपयोगी. बऱ्याच घरांत त्याच खणात रशियाचाही असतो. निवडणुकीच्या दिवशी मोल्दोव्हाची मतपेटी तिरास्पोलच्या ताब्यातल्या भागात ठेवता येत नाही, म्हणून त्यांच्यासाठी मतदान केंद्रं पलीकडे उघडतात, वार्नित्सासारख्या गावांत. सकाळी माणसं तिरास्पोलच्या चौकीवर ओळखपत्र दाखवतात, शांतिसैनिकांच्या वाळूच्या पोत्यांजवळून जातात आणि उजव्या काठावर रांगेत उभी राहतात. मत देऊन झालं की त्याच रस्त्याने परत.